जिला दवाई म्हणतात

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी नाक मुरडायला नको. माहेर यवतमाळचं. वडील कचेरीत कारकून, काका शाळेत मास्तर, आणि घरात शेती म्हणावी तर अंगणातली तुळस. लग्न करून आले ती दिग्रसच्या अलीकडच्या एका गावात. मागच्या दारातून पाय बाहेर टाकला की वावर, आणि वावरात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नुसती पऱ्हाटी. कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात, हेही मला तिथं गेल्यावर कळलं. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं मामाजी म्हणायची. कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, दोन बैल, एक पांढरा आणि एक तांबडा.

पहिल्याच पावसाळ्यात नवरा वावरातून पळत आला आणि म्हणाला, कोठ्यातली दवाई दे लवकर. त्याला आठवड्याभरापासून खोकला होता. बैलांच्या कोठ्यात दवाई कशाला असेल बाप्पा, हा कोठीतली म्हणत असेल, असं धरून मी कोठीच्या फळीवरची खोकल्याची बाटली आणून त्याच्या हातात ठेवली. तो हसून हसून ओट्यावर बसला. मग मामाजींना सांगितलं, त्यांनी पानठेल्यावर सांगितलं, आणि पुढे दिवाळीपर्यंत पाण्याला गेले की बायका विचारायच्या, काय वं, पऱ्हाटीचा खोकला बरा झाला का?

खरी दवाई कोठ्याच्या वाशात खोचलेली होती. बाटलीवर लाल खूण, कवटी, खाली दोन हाडं. मला राग आला, माझ्यावर हसल्याचा नाही, त्या बाटलीचा. मी म्हटलं, हे तर जहर आहे, याला दवाई कोण म्हणतं? नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. नवरा म्हणाला, सगळेच म्हणतात. ते खरंच होतं. मामाजी शांत माणूस, त्यांनी मला समजावलं, की पिकाला रोग होतो, अळी हा त्याचा रोग, मग रोगावर मारायची ती दवाईच नाही का? दोन पावसाळ्यांत मीही दवाई म्हणायला लागले. पंपात दवाई भरली का, दवाई मारून झाली का, दवाईचे कपडे वेगळे भिजवा. जीभ काय, जिथं राहते तिथली होते.

ती वर्षं कापसाची वाईट होती. एक अळी गेली की दुसरी यायची, अळी नसली तर पांढरी माशी. दर मोसमात नवी बाटली, आणि मागच्या बाटलीपेक्षा तिचा वास जास्त जहाल. मी लग्न करून आले त्या वर्षी पऱ्हाटीच्या फुलांवर माश्या नुसत्या गुणगुणायच्या, मी भिऊन आत शिरायची नाही. मग कधी तरी लक्षात आलं, की मी बिनधास्त शिरते आहे. मधमाशी कुठं गेली, ते कोणी विचारलं नाही. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, एकदा लांडोर मरून पडली होती, तिच्या चोचीशी फेस. मामाजींनी तिला खड्डा करून पुरलं, वर काटे टाकले आणि दिवसभर जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी उरलेलं वावर फवारलंच. न फवारून करणार काय?

हे मी अशासाठी सांगते, की मामाजी निर्दयी नव्हते. त्यांच्यासारखा जीव लावणारा माणूस मी माहेरी पाहिला नाही. टिटवीनं ढेकळांत अंडी घातली, तर ते वखर उचलून पलीकडे टेकवायचे, तेवढा तुकडा तसाच सोडायचे. आणि पांढरा तर घरच्या गाईचा गोऱ्हा. गाय त्याला जन्म देऊन चार दिवसांनी मेली. मामाजींनी त्याला बोटानं दूध पाजून वाढवला. तो त्यांच्या खाकरण्यावरून ओळखायचा, की आता वावरात जायचं की नुसतं पाण्यावर. मी चारा टाकला तर तोंड फिरवायचा, मेला. मी त्याला शिव्या घालायची आणि मामाजी गालात हसायचे.

त्या वर्षी पाऊस लांबला, चिखल फार झाला, आणि गुरांना गोचीड लागले. पांढऱ्याच्या मांडीत, शेपटीखाली, कानांत, सगळीकडे. दुसऱ्या कोणत्या वर्षी मामाजी करंजाचं तेल चोळत बसले असते, त्याला आठ-दहा दिवस लागतात. पण पोळा तोंडावर होता. पोळ्याच्या तोरणाखाली पांढरा पहिल्या रांगेत उभा राहायचा, आणि अंगावर गोचीड घेऊन उभा करायचा म्हणजे मामाजींची लाज. पानठेल्यावर कोणी तरी म्हणालं, बादलीत ढक्कनभर दवाई टाका, गोचीड जागच्या जागी गळतात. गावात बरेच जण करतात म्हणे. मामाजींनी घरी विचारलं नाही. विचारलं असतं तर नवऱ्यानंही हो म्हटलं असतं, मला शंका नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे घट्ट पडतात, ते धुवायचे, तूप-हळदीनं चोळायचे, शेकायचे, आणि मग त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माणसाला द्यावं तसं आवतण. मी सकाळपासून पुरणाच्या डाळीत गुंतलेली. नवरा झुली उन्हात टाकत होता, ऊन कसलं, ढगच होते. मामाजी पांढऱ्याला घेऊन नाल्यावर गेले ते येईनात. न्याहारी तशीच राहिली. माझं डोकं तापलं, म्हटलं बैलापायी माणूस उपाशी मरेल, आणि मीच बोलवायला गेले.

नाल्याच्या खडकावर पांढरा उभा होता, धुतल्या कापसासारखा. मामाजी उघडे, धोतर कासोट्यापर्यंत वर, हातात गोणपाटाचा बोळा. बोळा बादलीत बुचकळायचा आणि बैलाच्या अंगावर पिळायचा. खडकावर गोचीड पडले होते, एरंडीच्या बियांसारखे. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की मी रागावायचं विसरले. मग वारा फिरला आणि वास आला. फवारणीच्या दिवसांत नवऱ्याच्या कपड्यांना येतो तो वास.

मी विचारलं, बादलीत काय आहे? ते म्हणाले, ढक्कनभर दवाई टाकली. पांढरा मान वळवून आपला खांदा चाटत होता, लांब जिभेनं, सावकाश, बैल चाटतात तसा.

मी ओरडले. काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण सासऱ्याशी सुनेनं बोलू नये असं होतं. मामाजींना माझा राग कळेचना. ते म्हणाले, "अवं, पऱ्हाटीचं कवळं पान सहन करते, आमच्या आंगावर दरसाल उडते. एवढ्या मोठ्या बैलाले काय होते?"

मी बादली हिसकावली आणि रागाच्या भरात तिथंच पालथी करणार होते, पण खाली नाल्याचा डोह होता. डोहात पोटं वर करून मासोळ्या आधीच तरंगत होत्या. बोळ्यातून, बैलाच्या अंगावरून जे ओघळलं, तेवढंच त्यांना पुरलं होतं. मी बादली दूर नेऊन काठावर ठेवली आणि मामाजींना म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता घरी चला. मासोळ्यांकडे बघून त्यांच्या तोंडचं हसू गेलं होतं. ते बैल घेऊन निघाले.

वाटेतच पांढऱ्याच्या तोंडातून लाळ सुटली. आधी दोरीसारखी बारीक, कोठ्यात पोचेपर्यंत धार. डोळ्यांतून पाणी. शेण पातळ, पुन्हा पुन्हा. खांद्याचं मांस आपोआप उडायला लागलं, कातडीखाली काही तरी पळतं आहे असं. नवऱ्यानं बघितलं आणि तो पांढराफटक पडला, कारण दवाईच्या दिवसांत माणसांना असं होताना त्यानं पाहिलं होतं. घरात मोबाइल एकच, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. तो टाकीवर चढून ढोरांच्या डॉक्टरला फोन लावत बसला. डॉक्टरचा फोन लागेना. मग गावाबाहेरच्या तांड्यावरचा एक शेतकरी, ज्याच्याकडे जुनी पिकअप गाडी होती, तो गाडी आमच्या दारात ठेवून आमच्या मोटारसायकलनं चिखलातून लवकर पोचायला दिग्रसला निघाला, डॉक्टर जिथं असेल तिथून घेऊन येतो म्हणून. नाल्याकडेही लोकांना अडवायला दोन माणसं पाठवावी लागली, कारण मासोळ्या वेचायला लोक जमले होते. आयता मासा कोणाला नको?

आम्ही बैलाला धुवायला घेतलं. कपड्यांचा साबण, घरातलं सगळं पाणी, शेजारणींच्या घागरी. मी आयुष्यात कधी बैलाला हात लावला नव्हता. तो मला शिंगानं ढकलेल ही भीती मनात होती, पण त्याच्यात ढकलायची ताकदच नव्हती. मामाजी त्याचं तोंड धरून होते आणि त्याच्याशी बोलत होते, हळूहळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं. नवऱ्यानं त्यांना दोनदा सांगितलं, बाबा, तुम्ही आधी हात धुवा, अंगावर पाणी घ्या. ते हो म्हणायचे आणि तिथंच उभे राहायचे. त्यांच्या कपाळावर घाम, छातीवर घाम, डोळे पाझरताहेत. मला वाटलं, रडताहेत. रडणाऱ्या पुरुषाकडे बघू नये, म्हणून मी मान खाली घालून साबण लावत राहिले.

पांढऱ्याचे पुढचे पाय दुमडले. तो बसला तो धपकन. मामाजी त्याच्यासोबत खाली बसले.

थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "सूनबाई, अंधार पडून राह्यला. दिवा काहून नाई लावला?"

दुपार होती. ढग होते, पण दुपार होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कडेला लाळ, आणि डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. पांढऱ्याची तशीच होती. मी नवऱ्याला हाक मारायला गेले. माझी, जिच्या तोंडाला गावात कोणी हात लावत नाही, तिची वाचा बसली.

डॉक्टर तेवढ्यात त्या शेतकऱ्याच्या मागे बसून आला. तरुण होता, चिखलानं माखलेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याला कुठून कुठून बोलावणी असतात. त्यानं बैलाला बघितलं, लगेच इंजेक्शन भरलं, टोचलं. मग मामाजींकडे वळला, त्यांचा डोळा उघडून बघितला आणि आमच्यावरच ओरडला, की माणूस मरतो आहे, तुम्ही बैल काय धरून बसलात? जे मी बैलाला दिलं तेच यांना द्यायचं आहे, पण मी ढोरांचा डॉक्टर, मला देता येत नाही, दवाखान्यात न्या, आत्ता.

मामाजींनी खुंटा धरला. दोन्ही हातांनी. म्हणाले, "पहिले याचं पाहा. मी बोलून तं राह्यलो ना? हा बोलत नाई."

नवऱ्यानं हात सोडवायचा प्रयत्न केला. सत्तरीच्या माणसाच्या हातात इतका जोर कुठून येतो, देव जाणे. मग मी बोलले. मी म्हटलं, "मामाजी, मी बसते त्याच्याजवळ. तो गेला तरी एकटा जाणार नाई. पण तुम्ही इथं मेले तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाई." हे मी रागानं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझा आवाज जिथून आला तिकडे पाहिलं, आणि खुंटा सोडला. तांड्यावरच्या त्या शेतकऱ्यानं त्यांना लेकरासारखं उचलून पिकअपमध्ये टाकलं. नवरा मागे बसला. गाडी गेली.

मी कोठ्यात बसले. बोलले होते म्हणून बसले, दुसरी जागाही नव्हती. डॉक्टर दर थोड्या वेळानं टोचायचा. मध्ये एकदा पांढऱ्याची लाळ थांबली, त्यानं कान हलवले, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा. पण डॉक्टरजवळचं औषध संपत आलं. तो म्हणाला, दिग्रसमध्येही आता सांगता येत नाही, फवारणीचे दिवस आहेत, माणसांनाच पुरत नाही. माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट सांगते: माणसांना पुरू दे, मामाजींना पुरू दे, देवा, बैल घे. आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून मी हे मनात म्हटलं. त्याची कातडी अजून ओली होती, साबणाचा वास येत होता. त्याला मी कधी आवडले नव्हते, पण त्यानं डोकं माझ्या मांडीवर टाकलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी तो गेला. डॉक्टरनं बॅग आवरली आणि बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिला. शेजारच्या बायकांनी माझं पुरण झाकून ठेवलं. गावात ठिकठिकाणी खांदशेकणी चालली होती, हळद-तुपाचा वास येत होता. आमच्या तांबड्याला त्या संध्याकाळी आवतण कोणी दिलं नाही.

मामाजी वाचले. आठवडाभर दवाखान्यात होते. तिथं शेजारच्या खाटांवर त्याच कारणानं आलेली माणसं होती, आणि प्रत्येकजण सांगत होता, दवाई लागली. थंडी लागली, ऊन लागलं, तशी दवाई लागली. नवऱ्यानं त्यांना पांढऱ्याचं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. घरी आले ते सरळ कोठ्यात गेले, रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले.

मग त्यांचं बोलणं तुटलं. जेवण दिलं तर जेवायचे, वावरात जायचे, यायचे. गावातली माणसं काही ना काही निमित्त काढून चक्कर मारायला लागली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात एखादा माणूस गप्प झाला, की लोक घाबरत. आजूबाजूच्या गावांतून काय काय ऐकू यायचं. नवऱ्यानं कोठ्यातली बाटली काढून कुठं लपवली, ते त्यानं मलाही सांगितलं नाही. आम्ही दोघं आळीपाळीनं त्यांच्यावर डोळा ठेवायचो आणि एकमेकांना भासवायचो, की असं काही नाही.

एके दिवशी मी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, ते येऊन बसले आणि आपणहून बोलले. म्हणाले, "त्यानं माह्यावर भरोसा केला, सूनबाई. मी आंग धुऊन राह्यलो म्हणून तो मुकाट उभा होता." मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणाले, माहीत होतं. लांडोर पुरली तेव्हापासून माहीत होतं. पण तोंडातून नाव दुसरंच निघायचं, मग मनही तेच धरून बसायचं. आपण सापाला भितो म्हणून रात्री त्याचं नाव घेत नाही, लांबडं म्हणतो, ते भिऊन. हिला दवाई म्हणालो ते कशाला? भ्यावं लागू नये म्हणून. एवढं लांब ते त्या मोसमात एकदाच बोलले.

त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द टाकला. जहर म्हणायला लागले. आज कोणाच्या वावरात जहर मारून राह्यले? जहराचे कपडे वेगळे ठेवा. मला आधी बरं वाटलं. शेवटी माझाच शब्द होता तो, कधीचा. पण घरात तो इतक्या वेळा ऐकू यायला लागला, की मी तिथून उठून जायची. नवरा तर चिडायचा. म्हणायचा, बाबा, लोक ऐकतात, काही तरी वेगळं समजतात. मामाजी म्हणायचे, समजू दे, जे आहे ते आहे.

बोंडं धरली आणि पुन्हा अळी पडली. लपवलेल्या बाटलीत तळाशी थोडंच उरलं होतं. नवऱ्याला त्याच्या मावशीकडे नेरला जावं लागलं, तो म्हणाला परवा आणतो. अळी परवापर्यंत थांबत नाही, हे मामाजींना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा नेरहून परत येऊन अंघोळीला बसला, तोवर मामाजी मला न सांगता एसटीनं दिग्रसला गेलेले होते. मला वाटलं, वावरात आहेत.

नवरा अंघोळ करून रेंजसाठी टाकीवर चढला, आणि फोन वाजला. कृषी केंद्रवाला होता. ओळखीचा, दरवर्षीचा. म्हणाला, तुमचे वडील माझ्या दुकानात आहेत, मी बसवून ठेवले आहेत, लवकर या. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? तो सांगेना. मग हळूच म्हणाला, जहर मागून राह्यले.

मी खाली उभी होते, नवऱ्यानं वरूनच मला ते सांगितलं. नवरा टाकीवरून कसा उतरला ते मला दिसलं नाही, उडी मारली असेल. आम्ही मोटारसायकलवर बसलो. शेजारीण विचारत राहिली, काय झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मामाजींनी जहर मागितलं. बस, एवढंच. रस्ताभर मी नवऱ्याच्या पाठीला कपाळ टेकवून होते. मला मामाजी दिसत नव्हते, पांढरा दिसत होता, त्याचे दुमडलेले पुढचे पाय. वाटेत रेल्वेच्या रुळासारखा सरळ रस्ता आहे, तो संपता संपेना. मी देवाला काही मागितलं नाही. मागच्या वेळी मागितलेलं त्यानं दिलं होतं, आता पुन्हा कोणत्या तोंडानं मागू?

मामाजी दुकानात खताच्या पोत्यावर बसले होते. हातात चहाची पेली, चहावर साय धरलेली. भोवती आठ-दहा माणसं, आणि कोणी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतं. ते भयंकर चिडलेले होते. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

मामाजी म्हणत होते, कितीदा सांगू, पऱ्हाटीवर मारायचं आहे, बोंडअळी पडली आहे. दुकानदार हात जोडून म्हणत होता, "मग दवाई म्हणा ना, मामा. जहर म्हटल्यावर मी कसं देऊ?" मामाजी म्हणत होते, ते जहरच आहे, तुमच्या डब्यावर लिहिलं आहे, चित्र काढलं आहे. दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि एक कानाखाली ठेवून द्यावीशीही वाटली.

नवरा पुढे झाला आणि म्हणाला, "दवाई द्या." दुकानदारानं फळीवरून बाटली काढली, पिशवीत घातली आणि दिली. कोणी काही विचारलं नाही.

परत येताना मामाजी आमच्या दोघांच्या मध्ये बसले. पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेली. गावात शिरलो तर आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धा गाव आलेला, तांड्यावरची माणसं आलेली. बायका ओट्यावर तोंडाला पदर लावून रडत होत्या. कोणी पिकअप दारात आणून उभी केली होती, लागली तर असू द्या म्हणून. मामाजी उतरले तसे दोघातिघांनी त्यांना धरलं, चाचपलं, एका म्हाताऱ्यानं त्यांना छातीशी घेतलं. मामाजी त्याच्या हातातून सुटले आणि सगळ्यांकडे बघत राहिले, एकेका तोंडाकडे.

"जहर म्हटलं तं सारं गाव पयत आलं," ते म्हणाले. "इतके वर्स दवाई म्हणून राह्यलो, तवा काहून नाई आलं कोनी?"

बायकांनी पदर सारखे केले. पिकअपवाल्यानं खाली बघून गाडीची चावी खिशात टाकली. माझ्या नवऱ्यानं हँडलवरची पिशवी काढून हातात धरली होती, आणि एवढ्या माणसांत ती कुठं ठेवावी, हे त्याला कळत नव्हतं.